पुन्हा तुंबलं! ड्रेनेजचं मशीन लावण्याआधी काय तपासायचं आणि लावल्यावर हात कसे वाचवायचे

डिसेंबर लागला, निफाडचा पारा पेपरात झळकला की दोन-चार दिवसांत कुणीतरी आमचं दार वाजवतंच. "काका, मोरीत पाणी वर आलंय." नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात मी 26 वर्षं फिटर होतो. निवृत्त झालो त्याच वर्षी सोसायटीनं ड्रेनेज साफ करायचं स्प्रिंगचं मशीन घेतलं, आणि मशीनचं काम म्हटल्यावर ते आपसूक माझ्या गळ्यात पडलं. पाथर्डी फाट्याजवळ तीन विंग, 48 फ्लॅट. सात हिवाळे झाले, तक्रार तीच आहे.

सुरुवातीला बोलावणं आलं की मशीन ढकलत धावायचो. आता मशीन शेडमधून निघेपर्यंत तास तरी जातो, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी त्या तासातच मिटतात. उरलेल्यांपैकी काही अशा असतात की तिथे मशीन लावणं हाच धोका. म्हणून क्रमानं लिहितो, फुकटातलं आधी.

लक्षणं

नुसतं "तुंबलंय" म्हणून काही कळत नाही. मी चार गोष्टी विचारतो.

एकच जागा तुंबली की अनेक? फक्त सिंक हळू जात असेल आणि बाथरूम ठीक असेल, तर अडथळा त्या सिंकपासून डक्टमधल्या उभ्या पाईपपर्यंत कुठेतरी. वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीननं पाणी सोडलं की तळमजल्याच्या न्हाणीतून फेस वर येतो, हे दुसरं लक्षण. इथे तळमजल्याच्या घरात काहीही बिघडलेलं नसतं. अडथळा खाली, जमिनीतल्या लाईनमध्ये असतो, आणि सगळ्यात खालचं तोंड त्यांचं म्हणून भोग त्यांच्या वाट्याला.

तिसरं, गुडगुड आवाज. पाणी जातंय, पण जाताना बाजूच्या न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडातून, बुडबुडे येतात. लाईन अर्धी भरलेली आहे किंवा गच्चीवरचं व्हेंट पाईपचं, म्हणजे लाईनला हवा देणाऱ्या पाईपचं, तोंड बंद आहे. आमच्याकडे एकदा त्यात कबुतराचं घरटं निघालं होतं.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे विसरतात तो: मागच्या वेळी कधी तुंबलं होतं? वर्षातून एकदा तुंबणं आणि दर सहा आठवड्यांनी तुंबणं हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला घाणीचा, दुसरा पाईपचा.

थंडीतच का, तर तेलामुळे. रविवारी घरोघरी मिसळ, त्यावर बोटभर तर्री. खरकटी भांडी गरम पाण्यानं धुतली की तेल पातळ होऊन सिंकमधून छान निघून जातं आणि पाच-सात मीटरवर थंड पाईपमध्ये जाऊन बसतं. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. त्यात तेल आणि साबण एकत्र आले की पाईपच्या आत चुन्यासारखा पांढरट थर धरतो. मे महिन्यात हाच थर मऊ असतो, पाण्याबरोबर थोडाथोडा सरकतो. जानेवारीत तो मेणबत्तीसारखा घट्ट होतो. त्यावर चहाची पावडर आणि भाताची शितं येऊन बसली की झालं.

जाळी, वाटी, बॉटल ट्रॅप

पहिली तपासणी हातानं. न्हाणी ट्रॅपची जाळी काढा, आतली वाटी उचला. केसांचा गुंता, साबणाची चिपटी, शाम्पूच्या पुडीचा कोपरा, यांपैकी काहीतरी निघणारच. सिंकखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग, असेल तर बादली ठेवून खालचा कप फिरवून काढा. रबरी वॉशर हरवू नका, नाहीतर तुंबलेल्या सिंकचं गळकं सिंक होईल. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या वर्षी मी एका घरात मशीनची केबल (म्हणजे तीच लांब, फिरणारी लोखंडी स्प्रिंग) वीस फूट आत घातली होती आणि अडथळा बॉटल ट्रॅपमध्ये होता, चमच्याच्या रूपानं.

चेंबरची झाकणं

खर्च शून्य, आणि यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही. इमारतीला लागून असलेल्या चेंबरपासून रस्त्याकडे जात एकेक झाकण उघडायचं. भरलेल्या चेंबरनंतर कोरडं चेंबर आलं की अडथळा त्या दोघांच्या मधे. सगळी कोरडी आणि घरात मात्र पाणी वर, तर अडथळा इमारतीच्या आत. सगळी भरलेली, अगदी गेटजवळचं शेवटचंसुद्धा, तर लाईन पुढे महापालिकेची तुंबलेली आहे. तिथे आपलं मशीन घालायचं नाही, विभागीय कार्यालयात तक्रार करायची. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको, सातपूर यांतला आपला विभाग कोणता हे पाणी तुंबायच्या आधी माहीत असलेलं बरं.

पावसाळ्यात आणखी एक. गोदावरीच्या पुराची खूण म्हणजे दुतोंड्या मारुती; त्याच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो मोबाईलवर फिरत असतील त्या दिवशी नदीकाठच्या खालच्या भागात चेंबर भरलेलं दिसलं तर ते तुंबलेलं असेलच असं नाही. पुढे पाण्याला जायलाच जागा नसते. पूर ओसरू द्या.

झाकण उचलताना दोघं लागतात. पहार घालून एक बाजू उचलायची, लाकडाचा ठोकळा सरकवायचा, मग बाजूला ओढायचं. बोटं झाकणाखाली कधीही नाही. उघडल्यावर पाच-दहा मिनिटं लांब उभं राहा. विडी-सिगारेट नाही, काडी पेटवून आत डोकावणं तर नाहीच. आत मिथेन असू शकतो आणि हायड्रोजन सल्फाईडही. या दुसऱ्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं नाही.

आत कुणीही उतरायचं नाही. मी नाही, वॉचमन नाही, "साहेब, पाचशे द्या, मी उतरतो" म्हणणारा नाही. माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक रीतीनं सफाईला उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख केली, म्हणजे माणसं अजून मरतायत. चेंबरमध्ये मोबाईल पडला तरी तो गेला म्हणायचं.

मोजून पाणी, मग पंप

अडथळा घराच्या आत असेल तर किती लांब आहे, हे एका मगानं कळतं. 50 मिमीच्या पाईपमध्ये मीटरला साधारण दोन लिटर पाणी मावतं. रात्रभर पाणी हळूहळू उतरू द्या. सकाळी सिंकमध्ये मोजून ओता. तीनेक लिटरमध्ये पाणी वर आलं तर अडथळा दीड-दोन मीटरमध्ये, म्हणजे ओट्याखालीच. पंधरा-वीस लिटर गिळून मग वर आलं तर तो उभ्या पाईपच्या खाली. रात्रभरात पाणी अजिबात उतरलंच नाही तर हे गणित चालत नाही. तरीही मशीनचा अंदाज बांधायला एवढी साधी पट्टी दुसरी नाही.

मग रबरी पंप. सिंकला दुसरं भोक असेल, ओव्हरफ्लोचं किंवा शेजारच्या सिंकचं, तर ते ओल्या फडक्यानं दाबून धरा, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो. पंधरा-वीस दणके द्या. खाली ढकलण्यापेक्षा झटक्यात वर ओढण्यात जास्त जोर असतो. तेलाचा अडथळा असेल तर पंपाच्या आधी गरम पाणी, पण उकळतं नको. पीव्हीसी पाईप 80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि सांधे त्याआधीच कुरकुरतात. गिझरचं पाणी पुरे.

"कुणी काही ओतलं का?"

मशीनकडे वळायच्या आधी हा प्रश्न मी प्रत्येक घरात विचारतो आणि उत्तर नेहमी एकच येतं. "नाही हो काका." मग थोड्या वेळानं, "म्हणजे परवा थोडंसं."

ते थोडंसं म्हणजे ॲसिडची बाटली नाहीतर कॉस्टिक सोड्याची पावडर. पाणी उतरत नसताना हे ओतलं की ते अडथळ्याच्या डोक्यावर साचून राहतं. त्यात फिरणारी केबल घातली की तेच पाणी फवाऱ्यासारखं तोंडावर येतं. कॉस्टिक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, हे मी भीती घालायला सांगत नाही. आणि आधी पावडर घातली, चाललं नाही म्हणून वर ॲसिड, असं तर कधीच करू नका. दोन्ही एकत्र आले की पाणी उकळून उसळतं. ॲसिडवर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूम असते केवढीशी.

माझी खात्री करायची पद्धत स्वयंपाकघरातलीच आहे. हातमोजे आणि चष्मा घालून, लांब दांड्याच्या जुन्या पळीनं साचलेलं पाणी दोन प्लास्टिकच्या वाट्यांत काढायचं. एका वाटीत चिमूटभर हळद. साबणाच्या पाण्यानंही हळद थोडी लालसर होते, पण टाकल्या टाकल्या लालभडक झाली तर कॉस्टिक समजा. दुसऱ्या वाटीत खायचा सोडा. फसफसून फेस आला तर ॲसिड. दोन्हींपैकी काहीही निघालं तर माझ्यापुरतं काम संपलं. उतारा म्हणून वर काही ओतायचं नाही. खिडकी उघडायची, नळ बंद करायचा, आणि प्लंबरला बोलावताना काय ओतलंय हे फोनवरच सांगायचं. न सांगता बोलावणं म्हणजे त्या माणसाच्या डोळ्यांशी खेळ.

हाताची स्प्रिंग

मूठ फिरवायची आठ-दहा मिमीची स्प्रिंग सिंकच्या आणि बेसिनच्या लाईनला पुरते. जोर तुमच्या मनगटाचाच असल्यामुळे अडकलं की लगेच कळतं. हिनं काम भागलं तर मशीन काढूच नका.

ड्रिल मशीनला स्प्रिंग जोडून फिरवायचे व्हिडिओ हल्ली सगळ्यांनी बघितलेत. नका करू. ड्रिलचा खटका चुकून लॉक झाला तर एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात स्प्रिंग आणि थांबवायला तिसरा हात नाही. कमोडमध्येही उघडी लोखंडी स्प्रिंग घालू नका. चिनीमातीला ओरखडा पडतो किंवा तडा जातो. त्याला रबरी नळीचं आवरण असलेली वेगळी स्प्रिंग मिळते. तीही चालली नाही तर कमोड उचलावा लागतो, आणि ते प्लंबरचं काम.

आता मशीन

आमचं ड्रमचं आहे, म्हणजे केबल फिरत्या ड्रममध्ये गुंडाळलेली असते. 16 मिमीची केबल, 75 फूट, पायानं दाबायचा स्विच. ही केबल चार इंची, म्हणजे 110 मिमीच्या लाईनची. सिंकच्या दोन इंची पाईपला ती घालायची नाही. वळणावर वळत नाही आणि सांधा उखडते. उलट, आठ-दहा मिमीची बारीक केबल चार इंची पाईपमध्ये घातली तर ती आतल्या आत वेटोळं घालते आणि तिथेच गाठ मारून बसते. ती गाठ काढायला खोदावं लागतं.

या मशीनचा धोका कुठे आहे ते नीट समजून घ्या. आतलं टोक घाणीत, मुळात किंवा सांध्यात रुतलं की थांबतं. मोटर थांबत नाही. मधली केबल पिळली जाते, धुतलेला टॉवेल दोघांनी दोन टोकांना धरून पिळावा तशी. टॉवेल जास्त पिळला की मध्येच त्याची गाठ उसळते, तशीच केबलची उसळते, आणि ती उसळते पाईपबाहेर, तुमच्या हातात, कारण आत तिला उसळायला जागा नसते. ती गाठ हाताभोवती बसते आणि मोटर तिला घट्ट करत राहते.

माझ्या डाव्या अंगठ्याचं पेर थंडीत अजून पूर्ण वाकत नाही. दुसऱ्या वर्षी बी विंगच्या मागे मशीन चेंबरपासून पाचेक फूट लांब ठेवलं होतं, चिखल नको म्हणून. पाय स्विचवर शेजारच्या मुलाचा, हात केबलवर माझे. टोक अडलं, केबल हातात कडक झाली, मी "थांब" म्हणेपर्यंत वेटोळं पडलं होतं. त्यानं पाय लगेच उचलला होता. माझ्या तोंडातून शब्द निघून त्याच्या कानात जाण्यात जो वेळ गेला, त्याची ही किंमत. त्या एका दिवसात दोन चुका होत्या. मशीनचं तोंड आणि पाईपचं तोंड यांत दोन फुटांपेक्षा जास्त उघडी केबल नको. आणि ज्याचे हात केबलवर त्याचाच पाय स्विचवर. मदतनीस नळावर किंवा पुढच्या चेंबरपाशी उभा राहील, स्विचवर नाही.

हातमोज्यांबद्दल. लेथवर हातमोजे घालणाऱ्या पोराला मी ओरडून बाहेर काढायचो, कारण लेथवर फिरणाऱ्या तुकड्यात हातमोजा गेला की हात जातो. इथे मात्र हातमोजे हवेतच. केबल हातानं धरूनच आत सोडावी लागते, तिच्या तुटक्या तारा सुईसारख्या टोचतात, आणि त्या सुईला काय लागलेलं असतं ते सांगायला नको. फक्त ते चामड्याचे, हाताला घट्ट बसणारे हवेत. कापडी, विणलेले, नुसते रबरी नाही. ते केबलच्या पिळात शिरतात. आत पातळ रबरी हातमोजे, वर चामडी. फडक्यानं केबल धरणं हे सगळ्यात वाईट. डोळ्यांवर बंद चष्मा, पायात गमबूट, पूर्ण बाहीचा पण घट्ट शर्ट. कडं, अंगठी, मनगटावरचे धागे, गळ्यातला गमछा घरी.

वीज. ओल्या जमिनीवर उभं राहून धातूची केबल हातात धरणार आहात, तेव्हा थ्री-पिन, अर्थिंग असलेला सॉकेट आणि मागे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते दर वेळी बघा. पडला नाही तर काम बंद. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नाही, खिळ्याला टांगायचा. दोन पिनांवर चालवण्यासाठी अर्थिंगची पिन कापलेली मशीन भाड्यानं मिळाली तर ती परत करा.

चालवताना

मोटर बंद ठेवून टोक पाईपमध्ये फूटभर सारा. मगच पाय. टोक पाईपबाहेर असताना मोटर एक सेकंदही फिरवायची नाही.

आधी लहान टोक, बोंडासारखं किंवा बूच काढायच्या स्क्रूसारखं. त्यानं भोक पडतं, पाणी वाहायला लागतं, पुढचं काम निम्मं सोपं होतं. कटर नंतर, आणि पाईपपेक्षा इंचभर लहान. चार इंचीला तीन इंची. पीव्हीसी लाईनमध्ये मुळं कापायचा दातेरी कटर घालू नका, पाईप सोलून निघतो.

केबल थोडी थोडी सोडायची, ढकलायची नाही. नळ चालू ठेवा म्हणजे सुटलेली घाण पुढे जाईल. हातानं ऐका, हे वाक्य विचित्र वाटेल, पण दुसरं कसं सांगू. मोकळ्या पाईपात केबल हाताखाली मऊ गुरगुरते. तेलाच्या थरात शिरली की गुरगुर जाड होते. अडली की हात खाली दबल्यासारखा वाटतो, ड्रमचा आवाज उतरतो, आणि उघडा भाग किंचित कमानीसारखा उठतो. कमान दिसायची वाट बघू नका. हात दबला की पाय वर. पीळ आपोआप सुटू द्या, मग हातभर मागे ओढा, मग पुन्हा. एका जागी तीनदा अडलं की मी थांबतो. रिव्हर्स, म्हणजे मोटर उलटी फिरवणं, हा अडकलेलं टोक सोडवण्यापुरता, तोही क्षणभर. रिव्हर्समध्ये केबलचे पीळ उलगडतात आणि ती तुटून आत राहते.

शेवटच्या पाच फुटांना मी केबलवर लाल रंगाचा पट्टा मारलाय. बाहेर काढताना तो दिसला की मोटर बंद, उरलेली हातानं. फिरतं टोक पाईपबाहेर आलं की चाबूक होतो, आणि त्याला घाण चिकटलेली असते ती वेगळीच.

झाल्यावर केबल धुवा, सुकवा, तेलाचं फडकं फिरवा. पाणी पाजून ठेवलेली केबल पुढच्या वेळी गंजून तुटते. स्वतःचे हात साबणानं, चहाच्या आधी, कोपरापर्यंत. हाताला खरचटलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. पावसाळ्यात असं काम केल्यावर काही दिवसांनी ताप आला, अंग आणि पोटऱ्या ठणकल्या, तर डॉक्टरांना गटाराचं काम केल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) संशय त्यांना तेवढ्यावरून येतो. एरवी साधा ताप समजून दोन दिवस जातात.

इथे थांबा, माणूस बोलवा

तीनदा एकाच जागी अडलं, हे सांगून झालं. केबलच्या टोकाला काळी माती किंवा मुरूम लागून आला, तर पाईप फुटलाय. त्यापुढे मशीन फिरवणं म्हणजे जमिनीत विहीर खणणं. केसासारखी बारीक मुळं आली तर एकदा कापून पाणी मोकळं होईल, पण उंबर-पिंपळाची मुळं सहा महिन्यांत त्याच सांध्यातून परत येतात. जुन्या घरांची चिनीमातीच्या पाईपांची लाईन असेल, लाईन कुठून कुठे जाते हे कुणालाच माहीत नसेल, पुढे सेप्टिक टँक असेल, पाण्यात रसायन असेल, मशीनला हात लावल्यावर झिणझिणी आली असेल: या प्रत्येकात माझं उत्तर "नाही" असतं. कमिटीतले लोक रागावतात. रागावू देत.

बोलावताना "ड्रेनेजवाला" एवढंच म्हणू नका. कॅमेरा टाकणारा हवा की जेटिंगवाला, हे ठरवा. तेल आणि गाळाला जेटिंग उत्तम, पाण्याच्या दाबानं पाईपच्या भिंती धुऊन निघतात. मशीन फक्त मधून भोक पाडतं. दर काही आठवड्यांनी तेच होत असेल तर आधी कॅमेरा. आणि जो कुणी येईल तोही चेंबरमध्ये उतरणार नाही, हे गेटवरच बोलून घ्या.

वही

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. मशीनच्या पेटीत मी शंभर पानी वही ठेवलीय. तारीख, विंग, कोणत्या चेंबरमधून केबल घातली, किती फुटांवर अडली, टोकाला काय आलं. केबलवर दर पाच फुटांवर ऑइलपेंटचा पिवळा पट्टा आहे, त्यामुळे मोजायला कष्ट नाहीत.

तीन वर्षांनी सहज चाळत होतो. ए विंग, दुसऱ्या चेंबरपासून तिसऱ्याकडे: 23 फूट, तेल. 23 फूट, तेल आणि भात. 22 फूट, तेल. पुन्हा 23. मधल्या काळात आम्ही घराघरांत जाळ्या वाटल्या, तर्री आधी कागदानं पुसून कचऱ्यात टाकायची विनंती केली, व्हॉट्सॲपवर भांडणं झाली, तळमजल्याच्या वहिनींनी वरच्यांशी बोलणं टाकलं. आणि आकडा मात्र 23 वरून हलला नव्हता. तेल 48 घरांचं, पण ते बसत होतं एकाच फुटावर.

कॅमेरावाल्याला बोलावलं. त्याच्या पडद्यावर 21 फुटांपर्यंत पाईप कोरडा, मग कॅमेरा पाण्यात बुडाला, 25 फुटांवर पुन्हा बाहेर आला. पाईपला पोट पडलं होतं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पाईपखाली नीट भराव नसेल तर तो मधेच खचतो. चार इंची लाईनला चाळीस फुटांत साधारण फूटभर उतार लागतो. आमच्याकडे त्या चार फुटांत उतार उलटा झाला होता. तिथे पाणी कायम साचलेलं, थंड, आणि वरून येणारं तेल त्यात गोठून तरंगणारं. मी तीन वर्षं त्या पोटात दर हिवाळ्यात एक भोक पाडत होतो.

खोदकाम दोन दिवसांचं झालं. जुना तुकडा काढला, खाली मुरूम ठोकला, वर वाळू, नवा पाईप दोरी लावून उतारात. खोदताना निघालेला जुना पाईप मी मुद्दाम आडवा कापून बघितला. चार इंची पाईपात वरच्या बाजूला जेमतेम अंगठा जाईल एवढी वाट उरली होती.

त्यानंतर ए विंगच्या पानावर तीन हिवाळ्यांत नोंद नाही. बी विंगचं पान मात्र या महिन्यात भरायला लागलंय: पहिलं चेंबर, 12 फूट, तेल. पंधरा दिवसांनी पुन्हा 12 फूट, तेल. तिसऱ्यांदा आलं की मशीन नाही, थेट कॅमेरा, असं मी सेक्रेटरींना लिहून दिलंय.